त्येनं, त्येला, त्येची

तात्यांच्या तोंडून माणसाचं नाव बाहेर पडलेलं म्हसवडात कुणी ऐकलेलं नाही. देवाचं पडतं. सकाळी सिद्धनाथाच्या देवळात 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं' असं ते खणखणीत म्हणतात. पण पायऱ्या उतरून पायांत वहाणा सरकवल्या की नामस्मरण संपतं आणि सर्वनामस्मरण सुरू होतं. मग दिवस मावळेपर्यंत त्यो, त्येनं, त्येला, त्येची, ती, तिनं आणि तिकडचा.

मीही त्यांचं नाव सांगत नाही. तात्या हे काही नाव नव्हे. आमच्याकडे दर आळीला एक तात्या असतो आणि हाक मारली की तिघंजण वळून बघतात. शिवाय असा माणूस गावोगाव असतो. आमच्या गावाला तो जरा घट्ट मिळाला, इतकंच.

शाळेत आम्ही घोकलं होतं की मराठीत मूळ सर्वनामं नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्याचा शास्त्रीय ग्रंथ केला. नवांपैकी तीन-चारांवर अख्खा जन्म काढणारा इसम या दोघांनाही भेटला नसावा. तात्यांना 'तू' लागतो तो टपरीवाल्याला हाक मारायला, 'मी' लागतो तो आपण त्यातले नव्हे हे सांगायला, आणि उरलेली सगळी दुनिया 'त्यो'. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं. त्यात झेल्या आहे, धर्मा रामोशी आहे, अनुक्रमणिका उघडली की माणसं नावानिशी उभी राहतात. ती अनुक्रमणिका तात्यांनी केली असती तर 'त्यो', 'त्यो', 'आनि त्यो दुसरा' अशी झाली असती. आणि माणदेशातल्या वाचकाला तीही कळली असती, हे महत्त्वाचं.

ते कसं कळतं, हे बघायचं तर एसटी स्टँडाजवळच्या टपरीवर सकाळी जाऊन बसावं. तात्या येतात, बाकड्याच्या कडेला टेकतात, चहाचा पहिला घोट घेतात आणि म्हणतात,

"कळलं का? त्येनं त्येला म्हस इकली."

बाकडं गप्प होतं. ही शांतता फसवी असते, आत हिशेब चाललेला असतो. काल संध्याकाळी उठताना बोलणं कुणावर येऊन थांबलं होतं? नुकतंच ज्याचं नाव निघालं तो पहिला मानकरी. त्यातही ज्यानं काही केलं तो आधी, ज्याला केलं तो मागून. काल शेवटी बोलणं होतं ते कॅनॉलकडेच्या एकावर, त्यानं पाव्हण्याकडून उसने पैसे आणले म्हणून. पण त्याच्याकडे कुठली म्हैस? त्याची सगळी मेंढरं. म्हणजे पहिला 'त्यो' तो नव्हे. मग दुसरा? दुसरा असेल, हातात पैसे आहेत ना. एकानं हळूच तात्यांच्या हनुवटीकडं बघितलं. हनुवटी हा तात्यांच्या व्याकरणाचा अर्धा भाग आहे. ती माणगंगेकडं उचलली की माणूस नदीपलीकडचा, देवळाकडं वळली की पेठेतला, आणि छातीला टेकली की माणूस इथंच, टपरीवर, पाठमोरा बसलेला आहे. तेव्हा बाकीच्यांनी ताबडतोब पावसावर बोलायचं असतं.

मग तात्या पुढचं वाक्य टाकतात, "त्येला पैशाची नड हुती."

झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. नड होती ती विकणाऱ्याला, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. आता समजा तात्या म्हणाले असते, "त्येला दुधाची नड हुती." शब्द तोच, जागा तीच, फक्त पैशाच्या जागी दूध आलं, पण तेवढ्यानं 'त्येला' विकणाऱ्याच्या अंगणातून उठून घेणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसतो. म्हैस कुणाकडून कुणाकडं जाते, पैसा कुठून कुठं, दूध कुठं निघणार, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा 'त्येला' सापडतो. नुसतं व्याकरण येणाऱ्याला तो सापडत नाही.

अमेरिकेत टेरी विनोग्राड नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९७२ साली नेमकं हेच दाखवलं होतं. त्याचं उदाहरण म्हशीचं नव्हतं, नगरपालिकेचं होतं. नगरपालिकेनं मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना दंगलीची भीती होती. इथं 'त्यांना' म्हणजे नगरपालिकेला. 'भीती होती'च्या जागी 'खुमखुमी होती' घाला, 'त्यांना' मोर्चेकऱ्यांच्या अंगावर. पुढं हेक्टर लेव्हेक यानं अशा जोडवाक्यांची यंत्रांसाठी परीक्षाच काढली. २०१६ साली ती स्पर्धा म्हणून घेतली, तेव्हा पहिल्या आलेल्या यंत्रालाही निम्म्याहून थोडीच जास्त उत्तरं बरोबर देता आली. नाणं उडवून जवळपास तेवढी येतात. अलीकडं यंत्रं पुष्कळ सुधारली म्हणतात. पण त्यांना अजून कुणी आमच्या टपरीवर बसवलेलं नाही, आणि तात्या एका वाक्यात दोन 'त्ये' घालून थांबत नाहीत. "त्येनं त्येला सांगितलं की त्यो त्येच्याकडं जाणार हाय" हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे, आणि ते ऐकून बाकड्यावरचा एकजण चहा टाकून खरंच धावत गेला होता. बरोबर घरी.

तात्यांना 'आपण' फार आवडतो, त्याचंही कारण आहे. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि 'आपण' म्हटलं की तो आत, ही आपली जुनी सोय. तमिळ-तेलुगूतही ती आहे. तात्यांनी तिला आर्थिक वळण दिलं. "आम्ही च्या घेतला" हे झालेलं, संपलेलं. "चल लका, आपण च्या घेऊ" हे पुढचं, आणि त्यात ऐकणारा आत आलेला असतो. आत आलेल्यानं पैसे द्यायचे.

पण नाव न घेण्यामागं काटकसर नाही. तात्या सावध आहेत. गावात बोललेलं उलट फिरून दारात येतं, हे त्यांनी लहानपणीच ओळखलं. एकदा एकजण तावातावानं त्यांच्या ओट्यावर आला.

"तात्या, तुमी माज्याबद्दल स्टँडावर काय बोलला?"

"तुजं नाव घेतलं का मी?"

"नाव न्हाय घेतलं. पर त्येनं सोसायटीचं पैसं बुडवलं, आसं म्हनला."

"मग? त्यो म्हंजी तूच, आसं तुला कशावरनं वाटलं?"

गडी उभ्या जागी गार झाला. आता काय बोलायचं? 'मीच तो' म्हटलं तर बुडवल्याची कबुली, 'मी तो नव्हे' म्हटलं तर भांडायला आलास कशाला? तात्यांनी त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि वाटंला लावला. माझ्या मते तात्यांची सगळी विद्या इथं आहे. ते वाक्यात रिकामी जागा सोडतात, नाव ऐकणारा भरतो. पापही मग त्याचंच. अशी चहाडी ऐकून जो मान हलवतो, तो खरं तर ती स्वतःच करत असतो, आणि तात्या नुसते चहा पीत बसलेले असतात.

घरातही नावाची बोंबच. काकू जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या बोलण्यात तात्या म्हणजे 'ह्ये'. तात्या काकूंना 'आगं' म्हणतात आणि इतरांशी बोलताना 'आमच्यात'. "आमच्यात आज बरं न्हाय" म्हणजे काकूंना ताप आहे. चेतना सिन्हांनी म्हसवडात बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक काढली ती १९९७ साली. त्याआधी परवान्याचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, कारण सभासद म्हणून अंगठे उठवणाऱ्या कैक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि परवाना घेऊन आल्या. काकूंनीही पुढं तिथं खातं काढलं. सही शिकल्या होत्या, त्यात अडचण नव्हती. अडचण आली ती पुढच्या रकान्यात. खिडकीतली पोरगी म्हणाली, "मावशी, मालकांचं नाव?" काकू म्हणाल्या, "ह्येंचं?" "हां, त्यांचंच." "ह्येच की." पोरगी गावचीच, शहाणी होती. तिनं रेशनकार्ड मागितलं, काकूंनी नावावर बोट ठेवलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

पण काकूंचं 'ह्ये' तात्यांच्या 'त्यो'सारखं ढिलं नाही, त्याला कणा आहे. मेंढरं व्याली तेव्हा एक कोकरू आजारी पडलं. काकूंनी गुरांच्या दवाखान्यात कामाला असलेल्या शेजारच्या पोराला फोन लावला. "आरं, ह्ये काल राच्च्यापास्नं दूध पिईना." फोनला रेंज ही अशी. पोरानं घाबरून विचारलं, "काकू, कोकरू का तात्या?" काकूंचा पारा चढला. "तुला काय शिकवलं शाळंत? ह्येंला मी 'पिईना' म्हनीन व्हय? 'पिईनात' म्हनीन!" एवढा एक 'त'. त्यात नवरा आहे, लग्न आहे, मानपान आहे. तो नसला की उरतं ते कोकरू.

सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. दिवाळीच्या पाडव्याला सुरू झालेला देवाच्या लग्नाचा सोहळा तिथं शेवटाला येतो. सिद्धनाथ-जोगेश्वरी रथात बसतात, गाव गुलालानं लाल होतं, खोबऱ्याचे तुकडे डोक्यावर पडतात आणि लांबलांबून माणूस लोटतं. अशा गर्दीत पोरं हरवतातच. एका वर्षी मंडपातला माइक धरणारा पोरगा जेवायला गेला आणि जाताना माइक जवळ बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती देऊन गेला. वडीलधारा माणूस म्हणजे तात्या. तेवढ्यात कुणीतरी चुकलेलं पोरगं आणून उभं केलं. तात्यांनी घसा साफ केला.

"ऐका. एक पोरगं हितं घावलंय. त्येची आई जितं आसंल तितनं तिनं हितं यावं. त्यो लई रडतोय. त्येनं त्येचं नाव सांगितलंय, तवा काळजी करू नये."

गावभर लावलेल्या कर्ण्यांतून 'हितं' घुमलं. बँकेच्या कोपऱ्यावरच्या कर्ण्याखाली उभ्या असलेल्यांना 'हितं' म्हणजे बँक वाटली, नदीच्या पात्रात बसलेल्यांना नदी. दोन-चार आया पात्रातच पोर शोधायला लागल्या. समोरासमोर बोट दाखवता येतं, हनुवटी दाखवता येते, कर्ण्याला हनुवटी नसते. कुणीतरी ओरडलं, "तात्या, नाव सांगा त्येचं!" तात्या माइकवरच म्हणाले, "त्येनं मला इश्वासानं सांगितलंय." शेवटी पोरानंच पुढं होऊन माइकला तोंड लावलं आणि भोकाड पसरलं, "आये, मी हाय!"

आई आली. 'मी' म्हणणारा कोण, हे फक्त आवाजावरून ओळखून, गर्दी कापत, नेमकी आली. नाव त्यानंही सांगितलं नव्हतं. तात्यांनी सगळ्यांकडं असं बघितलं की बघा, चुकलं का माझं काही?

बोलताना तात्या निभावून जातात, कारण ऐकणाऱ्याला अडलं तर हनुवटी समोर असते. लिहिताना ती पाकिटात घालता येत नाही. तात्यांचा पुतण्या गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूत. आमच्या माण, आटपाडी, खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या या धंद्यापायी हिंदुस्थानभर पसरली आहेत. दुकान परमुलखात आणि भाकरी बाजरीची. पूर्वी तात्यांचं पत्र तिथं गेलं की दुकानात काम थांबायचं. विट्याचा एक, आटपाडीचे दोघं आणि हा म्हसवडकर पुतण्या असे चौघं ते पत्र लावायला बसत. पुतण्या पेन्सिल घेऊन दर 'तो'च्या डोक्यावर एक नाव लिही. विट्याचा म्हणे, "आरं पर वर 'तो' आजारी हुता, खाली 'तो' कुस्ती जिकला, मग एकच कसा?" मग पुन्हा पहिल्या ओळीला. कुणी वाचत असलं की त्याच्या डोळ्यांकडं बघावं. सर्वनाम लागलं नाही की नजर पुढं सरकत नाही, दोन ओळी मागं जाते, तिथलं एखादं नाव उचलते, खाली आणून लावून बघते. तात्यांच्या पत्रात मागं जाऊनही उपयोग नसे. मागंही 'तो'च असायचा.

त्यातलं एक पत्र अजून त्या दुकानात आठवतात. पालिकेची निवडणूक नुकतीच झालेली, पाऊस जोराचा लागून गेलेला. तात्यांनी लिहिलं होतं, "इकडील सर्व ठीक. ते पडले."

पुण्यात बोलताना घर पडतं ते 'पडलं' आणि आजोबा पडतात ते 'पडले'. लिहायच्या शुद्ध भाषेत दोघंही 'पडले'. आमच्या बोलीत दोघंही 'पडलं', कारण आम्ही पाव्हण्यालाही 'पाव्हणं आलं'च म्हणतो. म्हणजे ही सोय काय ती पुण्याची. तात्या पत्र शुद्ध लिहितात. तेव्हा 'ते' म्हणजे जुनं माळवदाचं घर असू शकत होतं, वाड्यातले म्हातारे असू शकत होते, नाहीतर निवडणुकीला उभे राहिलेले. चौघं विचारात पडले. आटपाडीच्यानं पुढची ओळ वाचली, "परत उभे राहणार आहेत." 'आहेत' म्हटल्यावर घर सुटलं, घराला 'आहे' लागलं असतं. पुतण्याचा जीव भांड्यात पडला, त्यात त्याचा वाटा होता. पण उरलेले दोघं काही सुटेनात. पडलेला म्हाताराही परत उभा राहतो आणि पडलेला उमेदवारही. पत्र संपलं होतं. शेवटी पुतण्यानं समोरच्या बूथवरून ट्रंककॉलाचे पैसे मोजून फोन लावला.

"तात्या, कोन पडलं?"

"ते."

"वाड्यातलं का पालिकेतलं?"

"आरं, एकच की ते."

"मग मतात पडलं का न्हानीत?"

"आदी मतात, मग न्हानीत," तात्या म्हणाले, "सगळं लिव्हलंय की पत्रात."

आता पत्रं गेली, व्हॉट्सअ‍ॅप आलं. तात्या घरच्या ग्रुपवर सकाळी 'तो आला का' एवढंच टाकतात. खाली बारा माणसं बारा जणांबद्दल उत्तरं देतात, आणि गंमत म्हणजे तात्यांना हवं ते उत्तर त्यात असतंच.

अडचण आली ती सरकारदरबारी. सरकारी कागद हा 'त्यो'चा जन्माचा वैरी. खरेदीखत काढून बघा. त्यात 'तो' नाही. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष एकदा बांधले की शेवटच्या सहीपर्यंत तेच. भाषेला काटे येतात, पण पुढच्या पिढीत कोर्टात उभं राहिल्यावर म्हैस कुणाची हे विचारावं लागत नाही. रानातला एक बांध नांगराच्या फाळानं कोरला गेला, तक्रार झाली आणि जागेवर जबाब घ्यायला तलाठी आले. साक्षीदार तात्या. त्यांचंच रान शेजारी. सगळं डोळ्यांदेखत घडलेलं.

"बांध कुणी कोरला?"

"त्येनं."

"त्यानं म्हणजे कुणी?"

"ज्येनं कोरला, त्येनं."

तलाठी तरुण, परजिल्ह्यातले, उन्हानं हैराण. "आजोबा, नाव सांगा."

"नाव कशाला पायजे? सगळ्या गावाला ठावं हाय."

"मला नाही ठाऊक."

"तुमी नवीन हाय," तात्या समजुतीनं म्हणाले. "ऱ्हावा वर्सभर. कळंल."

तक्रारदार आणि ज्याच्यावर तक्रार तो, दोघंही तिथंच उभे होते. दोघंही तात्यांच्या हनुवटीकडं बघत होते. ती आभाळाकडं होती. तलाठ्यांनी एक सुस्कारा सोडला, सातबारा बघितला, गट नंबर ताडला, आणि दोन्ही नावं एकदाच वर लिहून पुढं झरझर लेखणी चालवली. मग कागद वाचून दाखवला. सदर इसमाने सदर गटातील सदर बांध सदर दिवशी नांगरून कमी केला असून, सदरची बाब साक्षीदाराने समक्ष पाहिली आहे.

तात्यांचे डोळे चमकले. "पुन्यांदा वाचा."

तलाठ्यांनी पुन्हा वाचलं. तात्यांनी ओठ हलवून ते म्हणून बघितलं. वरची दोन नावं त्यांनी ऐकलीच नाहीत बहुधा. एकाच वाक्यात बांधही तोच, माणूसही तोच, दिवसही तोच, आणि वर सरकारी शिक्का. त्यांनी खुशीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर ते नेहमीच्या जागी टेकले, पहिला घोट घेतला आणि म्हणाले,

"सदर कालपास्नं दिसला न्हाय."

बाकडं गप्प झालं. एकानं हनुवटीकडं बघितलं, ती चहाच्या कपात होती. दुसऱ्यानं धीर करून विचारलं, "तात्या, सदर कोन?"

"आता ते सरकारी कागदावर हाय, लका," तात्या म्हणाले. "मी कशाला नाव घिऊ?"